जुन्या मिलिंग मशीनला कॉम्प्युटर जोडताय? आधी 'प्ले' मोजा, मग खिशात हात घाला

बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून किंवा भंगारवाल्याकडून घेतलेलं हँडलचं मिलिंग मशीन शेडमध्ये उभं असतं. मोबाइलवर एक व्हिडिओ येतो. तसंच मशीन, पण हँडल फिरवायला माणूस नाही. मोटारी बसवल्यात, बाजूला कॉम्प्युटर आहे आणि टेबल आपोआप पुढं-मागं सरकतंय. बघणाऱ्याला वाटतं, हे आपल्यालाही जमेल.

जमतं. मोटारी, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर हे सगळं आज मिळतं आणि हाताशी फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असेल तर घरच्या शेडमध्ये बसवताही येतं. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. झिजलेल्या मशीनला कॉम्प्युटर जोडला तर झीज कमी होत नाही. उलट हुशार कारागीर हाताने जी झीज सांभाळून घ्यायचा, ती आता थेट जॉबमध्ये उतरते. म्हणून सामान मागवण्याआधी काय तपासायचं, पैसे कोणत्या क्रमाने खर्च करायचे आणि कोणी या भानगडीत पडूच नये, हे नीट समजून घेतलेलं बरं.

कॉम्प्युटर नेमकं काय करतो?

मिलिंग मशीनमध्ये कटर जागेवर फिरतो आणि जॉब बांधलेलं टेबल सरकतं. डावी-उजवी म्हणजे एक्स, पुढं-मागं म्हणजे वाय आणि वर-खाली म्हणजे झेड. हाताच्या मशीनवर या तिन्हींना हँडल असतात. कॉम्प्युटर कंट्रोल, म्हणजेच सीएनसी करताना या हँडलांच्या जागी मोटारी येतात. कोणती मोटार किती आणि किती वेगाने फिरवायची, हे कंट्रोलर सांगतो.

कंट्रोलरला दिल्या जाणाऱ्या सूचनांना जी-कोड म्हणतात. जी ० म्हणजे न कापता पटकन जा, जी १ म्हणजे सरळ रेषेत कापत जा, जी २ आणि जी ३ म्हणजे गोलाईत जा, एम ३ म्हणजे स्पिंडल चालू, एम ५ म्हणजे बंद. 'जी १ एक्स ५० एफ १००' असं लिहिलं की टेबल मिनिटाला १०० मिलिमीटर वेगाने एक्सच्या ५० मिलिमीटर खुणेपर्यंत जाणार. सुरुवातीला हे एवढं समजलं तरी पुष्कळ आहे.

जुनं मशीन बदलून घेणं हा काही कमीपणाचा जुगाड नाही. जगातलं पहिलं असं मशीनच मुळात बदलून घेतलेलं होतं. अमेरिकेत हेलिकॉप्टरची पाती बनवणारे जॉन पार्सन्स यांनी ही कल्पना मांडली. तिथल्या हवाई दलाने १९४९ मध्ये काम दिलं आणि एमआयटी या संस्थेने सिनसिनाटी कंपनीचं हायड्रो-टेल मिलिंग मशीन बदलून १९५२ मध्ये ते चालवून दाखवलं. सूचना भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर असायच्या आणि कंट्रोलमध्ये जवळपास ३०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. आज तेच काम तळहातावर मावेल एवढा बोर्ड करतो.

'प्ले' दोन प्रकारचा असतो, दोन्हींत फरक करा

हँडल एका दिशेने फिरवून मग उलट फिरवलं, की सुरुवातीला हँडल नुसतंच फिरतं, टेबल हलत नाही. स्क्रू आणि नट यांच्यात जी फट असते तिच्यामुळे हे होतं. यालाच बॅकलॅश किंवा साध्या भाषेत प्ले म्हणतात. अनुभवी कारागिराला तो हाताला कळतो. तो नेहमी एकाच बाजूने मापावर येतो, पुढं गेला तर पूर्ण मागे येऊन पुन्हा येतो.

कॉम्प्युटरला हे कळत नाही. गोल कापताना एक्सची दिशा दोन ठिकाणी उलटते आणि वायची दोन ठिकाणी. या चारही ठिकाणी टेबल क्षणभर थांबतं आणि गोलावर चार चपटे डाग किंवा पायऱ्या दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये प्लेचा आकडा भरून थोडी भरपाई करता येते. पण कटरचा दात जॉबला ज्या दिशेने ढकलतो त्याच दिशेने टेबल सरकत असेल, तर कटर टेबलाला झटक्यात आपल्याकडे ओढतो. तिथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. कटर तुटतो, नाहीतर जॉब उडतो.

हा झाला स्क्रूचा प्ले. तो कितीही असला तरी घाबरायचं कारण नाही, कारण स्क्रू बदलता येतो. दुसरा प्ले स्लाइडचा. टेबल ज्या घसरपट्टीवर सरकतं तीच झिजली असेल, तर इलाज म्हणजे ग्राइंडिंग किंवा हाताने स्क्रॅपिंग. हे काम करणारे कारागीर कमी आहेत आणि खर्चही मोठा येतो. मशीन घ्यायचं की नाही हे या दुसऱ्या प्लेवर ठरतं.

घरच्या घरी चार चाचण्या

यासाठी मॅग्नेटवर उभा राहणारा, ०.०१ मिलिमीटर दाखवणारा डायल गेज लागतो. तो नसेल तर शेजारच्या वर्कशॉपमधून दिवसभरासाठी मागून आणा.

पहिली चाचणी स्क्रूची. डायलचा स्टँड मशीनच्या हेडवर आणि टोक व्हाइसवर लावा. टेबल एका दिशेने सरकवत राहा आणि काटा हलू लागला की हँडलची खूण शून्यावर घ्या. आता हँडल उलट फिरवा. काटा हलेपर्यंत हँडल जेवढे भाग फिरलं, तेवढा प्ले. हे टेबलाच्या मधोमध आणि दोन्ही टोकांना करा. मध्ये जास्त आणि टोकांना कमी आला तर स्क्रू मधूनच झिजलाय. रोजचं काम मध्यावरच होतं, म्हणून तसं होतं.

दुसरी चाचणी स्लाइडची, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. टेबल मध्यावर आणून गिब पट्टी अशी कसा की टेबल नीट सरकेल पण हाताने हलवून डगमगणार नाही. आता टेबल दोन्ही टोकांना न्या. तिथे ते जाम होत असेल तर स्लाइड मधून खोलगट झाली आहे. थोडंसं जड वाटलं तर चालेल. पण हँडलला लोंबकळावं लागत असेल तर त्या मशीनवर मोटारींचा खर्च करू नका.

तिसरी चाचणी स्पिंडलची. आतला टेपर पुसून डायलचं टोक तिथे लावा आणि स्पिंडल हाताने फिरवा. काटा किती नाचतो ते बघा. मग अर्धा तास मशीन चालवा. बेअरिंगमधून घरघर येते का, हात लावता येणार नाही एवढं ते तापतं का, हे पाहा. बेअरिंग बदलता येतात, फक्त तो खर्च आधी हिशोबात धरा.

चौथी चाचणी काटकोनाची. डायल स्पिंडललाच बांधा आणि टेबलावर मोठा गोल फिरवा. चारही बाजूंना काटा सारखाच दिसला तर स्पिंडल टेबलाला सरळ उभा आहे. टरेट मिलिंगचं, म्हणजे बाजारात एम-वन-टीआर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मशीनचं हेड वळवता येतं, त्यामुळे हा दोष तिथे सहज काढता येतो.

बॉल स्क्रू: फायदा मोठा, धोकाही लक्षात ठेवा

चाचणीत स्लाइड पास झाली की पहिला खर्च बॉल स्क्रूचा. यात स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरतात. साध्या स्क्रूमध्ये बरीच ताकद घर्षणात जाते, तर बॉल स्क्रू दिलेल्या ताकदीपैकी ९० टक्क्यांच्या आसपास ताकद टेबलापर्यंत पोहोचवतो. त्यामुळे लहान मोटारीवर काम भागतं, शिवाय फटही जवळपास नसते. बाजारात स्वस्तात मिळणारा रोल केलेला सी ७ दर्जाचा स्क्रू ३०० मिलिमीटर लांबीत ०.०५ मिलिमीटरपर्यंत चूक धरतो. शेती अवजारांच्या आणि पंपाच्या बहुतेक कामांना एवढं पुरतं. डायमोल्डच्या कामाला पुरत नाही.

बसवताना तीन गोष्टी सांभाळा. एक, नट स्क्रूवरून मोकळा काढू नका. गोळ्या खाली सांडतात आणि पुन्हा भरताना नाकी नऊ येतात. काढायचाच असेल तर सोबत आलेल्या नळीवर सरकवून काढा. दोन, स्क्रूच्या एका टोकाला अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी हवी. साधं बेअरिंग लावलं तर स्क्रूच मागं-पुढं हलेल आणि घालवलेला प्ले परत येईल.

तीन, बॉल स्क्रू स्वतःला अडवून धरत नाही. साध्या स्क्रूवर वीज गेली तरी वजन जागेवर राहतं. बॉल स्क्रूवर जड नी किंवा हेड आपल्या वजनाने खाली येऊ शकतं, आणि खाली कुणाचा हात असेल तर विचार करवत नाही. झेडला ब्रेकची मोटार लावा किंवा वजनाचा तोल द्या. अनेकजण जड नी तशीच हाताची ठेवतात आणि फक्त क्विलला, म्हणजे ड्रिलसारख्या वर-खाली होणाऱ्या नळीला मोटार लावतात. घरच्या कामासाठी ते सोपं पडतं.

मोटार: वेगापेक्षा ताकद बघा

बहुतेक घरगुती कामात स्टेपर मोटार वापरतात. ती एका फेऱ्यात साधारण २०० टप्पे घेते. ड्रायव्हरवर प्रत्येक टप्प्याचे ८ भाग केले तर फेऱ्याला १६०० पल्स लागतात. बॉल स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवत असेल तर १६०० भागिले ५, म्हणजे एका मिलिमीटरला ३२० पल्स. हाच आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरायचा. हिशोबाने एक पल्स ३ मायक्रॉनची होते, पण मशीन ३ मायक्रॉनचं काम देईल असं समजू नका. तिथे स्लाइड, बेअरिंग आणि मशीनचा कडकपणा आडवा येतो.

वेगाच्या मागे लागायची गरज नाही. १० मिलिमीटरचा, चार दातांचा एचएसएस कटर माइल्ड स्टीलवर मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीडने चालवला तर स्पिंडल ८०० फेऱ्यांच्या आसपास येतो. प्रत्येक दाताला ०.०५ मिलिमीटर धरलं तर फीड निघतो मिनिटाला १६० मिलिमीटर. एवढ्यासाठी स्क्रू मिनिटाला ३२ फेरेच फिरतो. स्टेपर हळू फिरताना ताकदवान असते आणि वेग वाढला की तिची ताकद उतरते, त्यामुळे या कामाला ती जुळते. लहान बेंच मशीनला नेमा २३ मापाची मोटार पुरते, मोठ्या टरेट मशीनच्या टेबलाला नेमा ३४ लागते. ताकद कमी पडली तर टायमिंग बेल्टने दोनास एक गुणोत्तर घ्या. ताकद जवळपास दुप्पट आणि वेग निम्मा होतो.

साध्या स्टेपरचा एक दोष आहे. जोर पडून ती अडकली तर टप्पे चुकतात आणि कंट्रोलरला पत्ताही लागत नाही. तिथून पुढचा सगळा जॉब सरकलेला येतो. एन्कोडर असलेली क्लोज्ड-लूप स्टेपर थोडी महाग असते, पण टप्पा चुकला तर ती भरून काढते आणि जमत नसेल तर थांबून सांगते. महागडा कास्टिंग जॉब वाया जाण्यापेक्षा हा खर्च परवडतो.

कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर

यात पैसे वाचवता येतात. लिनक्स सीएनसी हे सॉफ्टवेअर मोफत आहे. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने १९९० च्या दशकात केलेल्या कामातून ते पुढं आलं आणि जुन्या डेस्कटॉपवरही चालू शकतं. तीन अक्षांच्या लहान मशीनला आर्डुइनो उनो बोर्डवर चालणारं जीआरबीएल पुरतं, तेही मोफत. ड्रॉइंग काढून त्यावरून जी-कोड बनवायला फ्रीकॅड आहे. बोर्ड, ड्रायव्हर, पॉवर सप्लाय बघून घ्यायचे असतील तर पुण्यात बुधवार पेठ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड ही जुनी ठिकाणं आहेत.

एक नियम पाठ करा: वीज चालू असताना मोटारीची वायर ड्रायव्हरमधून काढू नका. ड्रायव्हर जळतो.

गावातली वीज

जुन्या मशीनवर थ्री-फेज मोटार असते आणि घरी सिंगल फेज. इथे व्हीएफडी कामाला येतो. तो सिंगल फेज घेऊन थ्री-फेज देतो, शिवाय स्पिंडलचा वेगही कमी-जास्त करता येतो. पण २३० व्होल्टचा व्हीएफडी २३० व्होल्टचीच थ्री-फेज देतो. लहान मोटारी बऱ्याचदा ४१५ व्होल्टला स्टार जोडणीत असतात. नेमप्लेट बघा. मोटारीची सहा टोकं बाहेर असतील तर डेल्टा करून ती २३० वर चालवता येते. तीनच टोकं असतील तर वाइंडिंगवाल्याकडे न्यावी लागेल. व्हीएफडी बंद केल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात. आत हात घालायच्या आधी किमान दहा मिनिटं थांबा.

वीज मध्येच गेली तर मशीन आपली जागा विसरतं. म्हणून होम स्विच लावा, म्हणजे वीज आल्यावर मशीन ठरलेल्या खुणेला जाऊन पुन्हा शून्य धरतं. कॉम्प्युटरला छोटा यूपीएस द्या. अर्थिंग पक्कं करा, नाहीतर व्हीएफडीच्या गडबडीने मोटारी मधूनच चुकीच्या हलतात. सिग्नलच्या वायरी जाळीच्या घ्या, जाळी एकाच टोकाला अर्थ करा आणि त्या पॉवरच्या वायरींपासून लांब न्या.

पॅनलची सगळी भोकं बुजवा. लोखंडाची चिप आत गेली तर शॉर्ट होतोच, पण गावाकडे पाल आणि उंदीरही तेवढंच नुकसान करतात. धंद्यासाठी मशीन चालवायचं असेल तर घरगुती मीटरवर भागवू नका, महावितरणकडून औद्योगिक जोडणी घ्या.

बोटं वाचवा

हाताच्या मशीनवर कारागिराचा हात हँडलवर असतो आणि अडचण दिसली की तो थांबतो. सीएनसीवर टेबल कुणी समोर आहे का, हे बघत नाही. त्यामुळे या गोष्टी पर्याय म्हणून बघू नका.

- मोटार बसवली की टेबलाची हँडल काढून टाका. मोटारीबरोबर तीही वेगात फिरतात आणि बाही, ओढणी किंवा मनगट अडकतं.
- लाल इमर्जन्सी बटण हाताशी ठेवा. ते थेट मोटारींची पॉवर तोडणारं हवं, नुसतं कॉम्प्युटरला सांगणारं नको.
- इमर्जन्सी आणि लिमिट स्विच एनसी जोडणीत लावा, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल.
- फिरत्या कटरजवळ हातमोजे घालू नका. चष्मा मात्र हवाच.
- मशीन चालू असताना चिप हाताने काढू नका, ब्रश वापरा.
- मशीनभोवती पारदर्शक आडोसा करा आणि लहान मुलांना शेडमध्ये येऊ देऊ नका.

पहिला जॉब हवेत कापा

नवा प्रोग्रॅम आधी जॉबच्या ५० मिलिमीटर वर, हवेत चालवा. कटर कुठे जातोय ते डोळ्यांनी बघा. मग नायलॉन किंवा ॲल्युमिनियमवर ५० मिलिमीटर व्यासाचा गोल कापा आणि व्हर्निअरने तीन दिशांना मोजा. एक्स आणि वायचं माप वेगळं आलं तर पल्सचा आकडा आणि प्ले तपासा. चार ठिकाणी चपटे डाग असतील तर प्ले अजून शिल्लक आहे. तिरक्या दिशेला गोल अंड्यासारखा निघाला तर एक्स आणि वाय आपसांत काटकोनात नाहीत.

सगळ्यांनाच हे हवं का?

गावातल्या वर्कशॉपला येणारं काम आठवून बघा. रसवंतीच्या चरकाच्या शाफ्टला की-वे, कडबाकुट्टीचा तुटलेला भाग, रोटाव्हेटरचा फ्लॅंज. सगळे एकेकटे जॉब, आणि शेतकरी दारात थांबलेला. अशा कामात ड्रॉइंग काढून प्रोग्रॅम लिहीपर्यंत हाताने जॉब होऊनही जातो.

अशांसाठी डीआरओ, म्हणजे डिजिटल मापपट्टी हा मधला रस्ता आहे. टेबलालाच पट्टी लावलेली असल्याने स्क्रूचा प्ले मापात येत नाही आणि आकडा थेट स्क्रीनवर दिसतो. १२० मिलिमीटर पीसीडीवर सहा भोकं पाडायची असतील तर पहिलं एक्स ६० वाय ०, दुसरं एक्स ३० वाय ५१.९६, असे आकडे बहुतेक डीआरओ स्वतःच काढून देतात. मशीन हाताचंच राहतं, खर्च आणि धोका दोन्ही कमी.

एकसारखे ५० किंवा १०० नग दर महिन्याला येत असतील, पंपाच्या प्लेटा, पॅटर्न, नावाच्या पाट्या किंवा वळणदार आकार करायचे असतील, तर सीएनसी कमाई करून देतं. त्या कामाची ऑर्डर हातात असावी, नुसती आशा नको.

करायचंच ठरलं तर क्रम असा ठेवा: आधी चार चाचण्या, मग स्लाइड आणि बेअरिंगची दुरुस्ती, मग एकाच अक्षाला बॉल स्क्रू आणि मोटार. तो अक्ष महिनाभर नीट चालला की दुसरा. सगळं सामान एकदम मागवू नका. घरातल्या मुलामुलींना शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये मशिनिस्टचा ट्रेड आहे आणि छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसीचे कोर्स चालतात. मशीन बदलून घेण्याआधी घरातल्या एकाने ते शिकून घेतलं तर पुढच्या निम्म्या चुका आधीच टळतील.